एका रेषेत न मावणारी मुले

पाश्चात्त्य तरुणांच्या मनोविकारांचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठराविक उत्तर तयार असते. तिकडे घरे मोडली, आईवडील विभक्त झाले, म्हणून मुले भरकटली! हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यामुळे आपले घर आपोआप निर्दोष ठरते. या समजुतीला धक्का देणारा एक अमेरिकन चित्रपट आहे – २००१ साली प्रदर्शित झालेला, रिचर्ड केली यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘डॉनी डार्को’.

कथानक ऑक्टोबर १९८८ मधील, व्हर्जिनियातील एका सुखवस्तू वस्तीतले. झोपेत चालणाऱ्या डॉनीला एका रात्री सशाचे भेसूर सोंग घेतलेली आकृती घराबाहेर बोलावते आणि २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटे व १२ सेकंदांनी जगाचा अंत होणार, असे सांगते. त्याच रात्री विमानाचे इंजिन त्याच्या खोलीवर कोसळते. मुलगा वाचतो, पण पुढचे सारे स्वप्न, भ्रम की सत्य, याचा पूर्ण उलगडा चित्रपट करीत नाही.

आता हे घर कसे आहे? आईवडील एकत्र नांदतात. तिन्ही भावंडांसह सारे एका टेबलावर जेवतात. मुलासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहे, औषधे आहेत. आईची माया खरी आहे. आपल्यासारखा वेडसर मुलगा असल्याचे कसे वाटते, असे तो विचारतो, तेव्हा ती क्षणभरही कमीपणा मानत नाही. म्हणजे मोडलेले घर हे कारण येथे लागूच पडत नाही. तरीही मृत्यूच्या वेळी आपण एकटेच असू, हे त्याच्या मनातले भय बोलले जाते ते डॉक्टरांच्या खोलीत, घरात नव्हे.

शाळेत तर अधिकच विपरीत घडते. एका लोकप्रिय प्रेरक वक्त्याच्या शिकवणीनुसार एक शिक्षिका फळ्यावर रेषा काढते. एका टोकाला भय, दुसऱ्या टोकाला प्रेम. मनुष्याची प्रत्येक कृती या रेषेवर कुठेतरी बसवायची! डॉनी विरोध करतो. मानवी भावनांचा पसारा एका रेषेत मावत नाही, हे त्याचे म्हणणे. त्याची भाषा असभ्य, म्हणून शिक्षा होते; परंतु आक्षेपाला उत्तर कोणीच देत नाही. पुढे त्या वक्त्याच्या जळालेल्या घरातून बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य सापडते. ग्रॅहॅम ग्रीन यांची कथा शिकवून मुलांना विचार करायला लावणारी शिक्षिका मात्र नोकरी गमावते.

चित्रपटावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. डॉनी शाळेत पाणी सोडून नासधूस करतो, त्या वक्त्याचे घर पेटवितो. आणि अखेरीस त्याच्या आत्मसमर्पणाने इतरांचे प्राण वाचतात. व्याधीला असे दैवी वलय देणे कोवळ्या वयासाठी धोक्याचे आहे. भास होणारा मुलगा जगाचा तारणहार नसतो. त्याला उपचारांची गरज असते. म्हणून हा चित्रपट आधी वडीलधाऱ्यांनीच पाहावा.

पाहताना स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपणही अशाच रेषा काढत नाही काय? मन खंबीर ठेव, पहाटे ऊठ, व्यायाम कर, मोबाईल दूर ठेव! यातले काहीच चुकीचे नाही. परंतु ज्याला रात्र रात्र झोप येत नाही, त्याच्या बोलण्याआधीच हे सुनावले, की तो बोलणे थांबवितो. उत्तम संस्कार लाभलेले मूलही आजारी पडू शकते. तसे झाले तर तो संस्कारांचा पराभव मानून लपवू नये. विनासंकोच डॉक्टरांकडे न्यावे. मात्र औषधाची चिठ्ठी मिळाली म्हणजे घराचे कर्तव्य संपले, असेही समजू नये.

घरातील मूल गप्प गप्प राहू लागले असेल, तर आज रात्रीच त्याच्याजवळ बसावे. ते बोलू लागले, तर उपदेशाची घाई न करता त्याचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घ्यावे.