न दिसलेला पर्वत

बावड्यास लहानपणी विहिरीची खोली अजमावताना आम्ही खडा टाकून आवाज येईपर्यंत आकडे मोजत असू. समुद्रतळाचा थांगही आवाजावरूनच घेतात.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे जहाज अंटार्क्टिकाकडे निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची ही भारताची पहिली मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमभूमीवर पोहोचली. याच मोहिमेत दक्षिण महासागराच्या तळाशी एक पर्वत आढळला.

पाण्याखालचा पर्वत डोळ्यांना दिसत नाही. जहाजावरून सोडलेला ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो आणि तळावर आदळून परततो. चार सेकंदांनी परतला, तर खोली ३००० मीटर. प्रतिध्वनी लवकर येऊ लागला, की तळ उंचावला असे समजावे.

तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावरून या पर्वताचे ‘इंदिरा माउंट’ असे नामकरण झाले. मोहिमेस त्यांचे पाठबळ होते, म्हणून ते उचितच. तथापि प्रवास केलेल्या त्या २१ जणांपैकी किती नावे आज आपणांस सांगता येतील?

आपल्या पेढीच्या पाटीवर आजोबांचे नाव असते, ते असावेच. परंतु रोजकीर्द लिहिणारे मुनीमजी, पोती वाहणारे हमाल यांची नावे आपल्या नातवंडांना ठाऊक आहेत का? येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर तीही लिहावीत. हे देणे कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, पण ते असते.