कागद आपला, पण हाती कसा यावा?



एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते, हे आपण जाणताच. २००७ साली खाणपट्टा मिळाला, २०१६ मध्ये काम सुरू होऊन थांबले, २०२१ पासून पुन्हा जोरात चालले. खाण हवी की नको, हा वाद आज बाजूला ठेवू. प्रश्न पोटाचाही आहे आणि ठाकूरदेवाच्या डोंगराचाही. मला विचारायचे आहे ते एवढेच: ओढ्याच्या पाण्याची तपासणी होते, धूळ मोजली जाते, ते आकडे कोणाचे?

कायद्याने लोकांचे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरीच्या अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल खाणवाल्यांनी दर सहा महिन्यांनी द्यायचा आहे. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. मागेल त्याला प्रत मिळाली पाहिजे.

पण मागणार कोण? खनिज वर्षाला ३० लाख टनांऐवजी १ कोटी टन काढण्यासाठी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी जनसुनावणी झाली, ती गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर! सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी, असे तीच अधिसूचना सांगते. स्थानिक भाषेत देणे सक्तीचे आहे ते फक्त अहवालाच्या सारांशाचे. आणि मराठी तरी माडिया आजीला कितीशी कळणार? २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयाने या अधिसूचनेच्या नव्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत भाषांतर करण्यास सांगितले. चांगलेच झाले. मात्र त्या २२ मध्ये माडिया नाही, गोंडीही नाही.

तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी एक काम करावे. माहितीचा अधिकार, २००५ खाली साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही. लिहिता न येणाऱ्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास माहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे, असे कलम ६ म्हणते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. उत्तरास मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा आहे.

‘प्रदूषणाची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नका. कोणत्या ओढ्याचे, कोणत्या महिन्यातले पाणी तपासले, नमुना कोठून घेतला, लोहाचे प्रमाण किती निघाले, असे नेमके विचारा. आलेला कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचा, माडियातून समजावून सांगा आणि एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरी ठेवा.