विश्रांती म्हणजे आळस नव्हे

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. समाजाने तर हा विषय त्यापूर्वीच मिटवून टाकला होता. शाळा, कचेऱ्या, उत्सव, लग्नकार्ये पूर्ववत सुरू झाली. ते स्वाभाविकही होते. परंतु आणीबाणी संपणे आणि आजार संपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताप उतरून कित्येक महिने, क्वचित वर्षे लोटली, तरी ज्या घरातले माणूस अजून पूर्वपदावर आलेले नाही, त्या घराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

या अवस्थेला जगात 'लाँग कोविड' म्हणतात. हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही. ते २०२० साली रुग्णांनीच रूढ केले. वैद्यकीय व्याख्या नंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. लागण झाल्यापासून तीन महिन्यांनीही लक्षणे असणे, ती किमान दोन महिने टिकणे आणि त्यांचे दुसरे कोणतेही कारण न सापडणे, असा तिचा आशय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कोविड झालेल्या दर शंभरांपैकी सुमारे सहा जणांच्या वाट्याला ही अवस्था येते. थकवा, धाप, विस्मरण, झोप न लागणे ही तिची लक्षणे. त्यांतले फार अस्वस्थ करणारे लक्षण म्हणजे छातीतील धडधड. अंथरुणातून उठून स्वयंपाकघरापर्यंत जावे, तर नाडी जिना चढून आल्यासारखी धावू लागते.

अहवाल स्वच्छ, माणूस आजारी

अशा रुग्णाचा कार्डिओग्राम पुष्कळदा निर्दोष येतो. टूडी एको चांगला असतो. मग घरचे म्हणतात, 'सगळे नॉर्मल आहे, आता मन खंबीर करा.' वस्तुतः दोष पुष्कळदा हृदयात नसतोच. माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. निरोगी शरीरात स्वायत्त मज्जासंस्था रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचित करते आणि मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते. विषाणूच्या आघातानंतर ही यंत्रणा काहींच्या बाबतीत विस्कळित होते आणि ती उणीव हृदयाला जलद धडधडून भरून काढावी लागते. उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला तीसने किंवा अधिक वाढणे, मात्र रक्तदाब फारसा न घसरणे, या विकाराला 'पॉट्स' म्हणतात. झोपून घेतलेल्या कार्डिओग्राममध्ये तो दिसणार कसा?

अशा रुग्णांवर अविश्वास दाखवण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात धडधड, धाप आणि थकवा यांनी गळून गेलेल्या सुमारे तीनशे सैनिकांची तपासणी जेकब दा कोस्टा या डॉक्टरने केली आणि १८७१ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेकांना आधी ताप किंवा अतिसार झालेला होता. याच विकाराला 'सैनिकाचे हृदय' असेही म्हटले गेले. शूर माणसाचे शरीरही असे थांबते, हे तेव्हाच नोंदले गेले होते. जग मात्र ते पुन्हा पुन्हा विसरत आले.

इच्छाशक्तीची मर्यादा

आपल्या मध्यमवर्गीय घरांत इच्छाशक्तीला मोठा मान आहे आणि तो रास्तही आहे. पहाटे उठणारा, रोज बारा सूर्यनमस्कार घालणारा, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी हजर असणारा कार्यकर्ता हे अनेकांचे आदर्श. असा माणूस आजारातून उठला की पहिल्या बऱ्या दिवशीच जुना दिनक्रम सुरू करतो. त्या दिवशी उत्साह वाटतो. एक-दोन दिवसांनी मात्र तो असा कोसळतो की आठवडाभर उठवत नाही. श्रमानंतर काही तासांनी वा दिवसांनी येणारी ही घसरण हे या आजाराचे मुख्य लक्षण मानले जाते. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने व्यायामापूर्वी व व्यायामानंतर तपासले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात श्रमानंतर पेशींची ऊर्जानिर्मिती घटलेली आणि स्नायूंना इजा झालेली आढळली. म्हणजे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही दीर्घकालीन थकव्याच्या विकारात ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा आपला जुना सल्ला २०२१ मध्ये मागे घेतला.

हे ज्ञान आपल्याला परके वाटू नये. ज्वर उतरल्यावर अंगात बळ येईपर्यंत व्यायाम आणि फिरणेसुद्धा वर्ज्य करावे, अन्यथा ज्वर उलटतो, असे चरकसंहिता सांगते. निरोगी माणसानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, असा वाग्भटाचा दंडक आहे. विषमज्वरातून उठलेल्या माणसाला महिनाभर जपणारी आजी हेच शास्त्र पाळत होती. गोळी घेऊन तिसऱ्या दिवशी कामावर जाण्याच्या घाईत ते घरातून निघून गेले.

नाडी हेच मोजमाप

मग करावे काय? पहिली पायरी डॉक्टरांकडे जाण्याची. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आढळले. रक्तक्षयानेही छाती धडधडते आणि थायरॉइडच्या विकारानेही. ही कारणे तपासून घेतलीच पाहिजेत. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, स्वस्थ बसूनही धाप लागणे, ही लक्षणे असतील तर एक दिवसही दवडू नये.

दुसरी पायरी नाडीची नोंद. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, सात दिवस नाडी मोजावी आणि सरासरी काढावी. तीत पंधरा मिळवून येणारा आकडा ही श्रमाची मर्यादा समजावी, असा ठोकताळा काही तज्ज्ञ देतात. सरासरी ७२ असेल तर ८७ च्या पुढे नाडी गेली की काम थांबवून बसावे किंवा आडवे व्हावे. हा ठोकताळा आहे, ब्रह्मवाक्य नव्हे. नाडी मंद करणारी औषधे घेणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

उरलेल्या गोष्टी साध्या आहेत. स्टुलावर बसून आंघोळ करावी आणि पाणी फार कढत नसावे, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात. भाजी बसून चिरावी. एका वेळी पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे खावे. उठताना आधी क्षणभर बसावे, मग उभे राहावे. पाणी आणि मीठ वाढवल्याने अनेकांना आराम पडतो. परंतु रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते परस्पर करू नये. सूर्यनमस्कारात शरीर सतत खाली-वर होते. म्हणून ते काही काळ बाजूला ठेवून बसून वा पडून करावयाच्या हालचालींपासून आरंभ करणे शहाणपणाचे.

याचा अर्थ जन्मभर अंथरुण धरावे असा मुळीच नाही. पडून राहिल्यानेही शक्ती क्षीण होते, आणि ज्यांना श्रमानंतरची ही घसरण जाणवत नाही त्यांना देखरेखीखालचा व्यायाम उपयोगीच पडतो. प्रश्न इतकाच की गती कोणी ठरवावी? ती कचेरीने, नातेवाइकांनी किंवा दिनदर्शिकेने ठरवू नये. ती रुग्णाच्या शरीराने ठरवावी.

घरातील स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. पुरुष आजारी पडला तर त्याला रजा मिळते. गृहिणी उभी राहू शकली नाही तर पोळ्या कोण लाटणार, हा प्रश्न प्रथम येतो आणि ती नाडी धावत असतानाही ओट्याशी उभी राहते. महामारीत अनोळखी घरांपर्यंत जेवणाचे डबे आणि प्राणवायूचे सिलिंडर पोचवण्याचे मोठे काम समाजाने केले. ती सेवा सर्वांना दिसत होती. आता जी सेवा हवी आहे ती दिसणारी नाही. 'अजून बरे वाटत नाही का?' हा प्रश्न न विचारणे, तिच्या हातातले लाटणे काढून घेणे आणि ते पुन्हा घेण्याची तिला घाई न करणे, एवढेच तिचे स्वरूप आहे. दुखण्यातून उठणे हेही श्रमाचे काम आहे. ते करणाऱ्याला अवधी देणे हे कुटुंबाचे कर्तव्य होय.