पीठ एकच, पिझ्झे दोन

रविवारी मटणाचा वास सुटला की माझी आई आपले ताट घेऊन आतल्या खोलीत जाते. ती माळकरी. तिची कोणाबद्दल तक्रार नाही. पण आठवड्यातून ज्या एका दिवशी सारे घरी असतात, नेमक्या त्याच दिवशी ती एकटी जेवते, हे मला वर्षानुवर्षे सलत आले आहे.

गेल्या रविवारी लेकीने पिझ्झ्याचा हट्ट धरला. बाहेरून मागवण्याऐवजी घरीच करायचे ठरले. पाव किलो मैदा, लहान चमचाभर इन्स्टंट यीस्ट, चवीला मीठ, चिमूटभर साखर, दोन चमचे तेल आणि दीडशे मिलिलिटर कोमट पाणी. मळायला आईच बसली. जन्मभर भाकऱ्या थापलेले हात ते! तासा-दीड तासात पीठ दुप्पट फुगले, तेव्हा कौतुकाने म्हणाली, ‘‘अगं, हे तर जिलबीच्या पिठासारखं आलं की!’’

पिठाचे दोन गोळे केले आणि दोन तवे वेगळे ठेवले. पोळी एका बाजूने भाजून उलटायची, भाजलेल्या बाजूवर टोमॅटोचा आटवलेला रस पसरायचा. एकीवर आले-लसूण घालून आधीच शिजवून कोरडा केलेला खिमा, कांदा आणि ढोबळी मिरची. खिमा ओला राहिला की पोळीचा लगदा होतो. आईच्या पोळीवर ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि टोमॅटो. दोन्हींवर किसलेले चीज. मग झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे. ओव्हन असला तर उत्तमच. नसला म्हणून अडत नाही.

पिझ्झ्याला आपण उगीच चैनीचे खाणे समजतो. इटलीतल्या नेपल्स शहरात तो हातावर पोट असलेल्यांचे रस्त्यावरचे खाणे होता. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ती कला मुळात हातांची : मळण्याची, थापण्याची, भाजण्याची. आपल्या घरातल्या आयाबायांना ती परकी कशी वाटावी?

त्या दिवशी आई आत गेली नाही. टेबलाच्या टोकाला, खिडकीशी बसली. ‘‘पीठ माझ्या हातचं आहे, बघते तरी कसं झालंय,’’ म्हणाली. खिम्याकडे तिने पाहिलेही नाही, आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही.

वाचकहो, एका घरात सर्वांनी एकच खाल्ले पाहिजे असे थोडेच आहे? ताटे निराळी असू द्यावीत. पंगत मात्र एक असावी. येत्या रविवारीही मैदा भिजवायचा आहे. आईने आत्ताच विचारून ठेवले आहे, ‘‘किती वाजता बसू मळायला?’’