छोटे पेले, मोठा हिशेब

पुणे : एकाच तबकात चार ते सहा छोटे पेले आणि प्रत्येकात निराळी बिअर. मायक्रोब्रुअरीत ‘बिअर फ्लाइट’ या नावाने मिळणारा हा पर्याय निवड सोपी करतो. मात्र किती मद्य घेतले, याचा अंदाज त्यामुळे अवघड होतो.

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. तोवर ग्राहकांपुढे मुख्यतः बाटलीबंद लागर बिअरच होती. साहजिकच अनोळखी चवीचा पूर्ण ग्लास मागवण्याऐवजी नमुना चाखणे सोयीचे ठरले. नवख्यांची पसंती बहुधा गव्हाच्या सौम्य बिअरला असते; हॉप्समुळे कडवट लागणारी ‘इंडिया पेल एल’ मागे राहते. चाखण्याचा क्रमही सौम्याकडून कडवटाकडे ठेवतात, कारण कडवटानंतर सौम्य चव नीट जाणवत नाही.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. पाच टक्के मद्यार्काच्या बिअरचे १०० मिलिलिटरचे चार पेले म्हणजे २० मिलिलिटर मद्यार्क. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत तो साडेसोळा मिलिलिटर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेल्यानंतर पुण्यात मद्यपान आणि वाहनचालन हा विषय ऐरणीवर आला.

त्यामुळे प्रत्येक पेल्याचे माप आणि मद्यार्काचे प्रमाण मेनूकार्डवर ठळकपणे छापणे ग्राहकाच्या हिताचे आहे. ‘फक्त चव घेतली’ ही सबब रक्ततपासणीत टिकत नाही.