आघाडीचा करार आणि मतदाराची संमती

प्रशासनात निवडणुकीकडे पाहण्याची एक ठरीव दृष्टी असते. मतदारयाद्या निर्दोष असाव्यात, यंत्रे चालावीत, मतमोजणी बिनतक्रार व्हावी आणि विजयी उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र पडावे. एवढे झाले की काम संपले. ही दृष्टी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. मतदाराने नेमका कशासाठी कौल दिला, हा प्रश्न प्रमाणपत्र दिल्यानंतरच सुरू होतो. पक्षाला दिलेले मत आणि आघाडीला दिलेले मत यांत फरक आहे, आणि आपल्या कायद्याला तो फरक अद्याप नीट दिसत नाही, असे माझे मत आहे.

भिलाईचेच उदाहरण घेऊ. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि त्या कारखान्याभोवती मराठीसह अनेक भाषा बोलणारे नगर उभे राहिले. या भिलाई नगर मतदारसंघात २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत काँग्रेसचे देवेंद्र यादव आणि भाजपचे प्रेमप्रकाश पांडेय हेच प्रमुख प्रतिस्पर्धी होते. पहिल्या वेळी यादवांचे मताधिक्य तीन हजारांच्या आत होते, दुसऱ्या वेळी तेराशेच्याही आत. एवढ्या थोड्या अंतराने जेथे निकाल लागतो, तेथे तिसरा पक्ष कोणाबरोबर आहे, की स्वतंत्र आहे, हे मतदाराला आधी ठाऊक असणे ही चैन नव्हे, त्याचा अधिकार आहे.

राज्याचा इतिहासही हेच सांगतो. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड अस्तित्वात आले. २००३ च्या पहिल्या निवडणुकीत ९० पैकी ५० जागा भाजपला आणि ३७ काँग्रेसला मिळाल्या. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या विद्याचरण शुक्ल यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रवादी काँग्रेसने सुमारे ७ टक्के मते घेतली, पण जागा एकच मिळवली. दोन मोठ्या पक्षांच्या मतांतील अंतर या ७ टक्क्यांहून बरेच कमी होते. २०१३ मध्ये तर हे अंतर एका टक्क्याच्याही खाली आले, आणि त्याच वर्षी प्रथम उपलब्ध झालेल्या 'नोटा' पर्यायाला सुमारे ३ टक्के मते पडली.

२०१८ मध्ये अजित जोगी यांचा पक्ष, बहुजन समाज पक्ष आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष यांची आघाडी झाली व तिला एकूण सात जागा मिळाल्या. पुढील निवडणुकीपर्यंत ती आघाडी उरली नाही. २०२३ मध्ये बसपने गोंडवाना गणतंत्र पार्टीशी समझोता केला. त्याच २०२३ च्या जुलैमध्ये काँग्रेस आणि आम आदमी पक्ष राष्ट्रीय पातळीवर 'इंडिया' आघाडीत एकत्र आले होते; नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडात मात्र ते परस्परांविरुद्ध उभे होते. मतदानयंत्रावर उमेदवाराचे नाव, छायाचित्र आणि चिन्ह असते. आघाडीचा तेथे मागमूसही नसतो.

इटलीने प्रादेशिक निवडणुकांपुरता वेगळा मार्ग निवडला. १९९९ च्या घटनादुरुस्तीनंतर तेथे बहुतेक प्रदेशांचा अध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जाऊ लागला. मतपत्रिकेवर अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या नावाबरोबर त्याला पाठिंबा देणाऱ्या पक्षांच्या चिन्हांची मांडणी असते; म्हणजे आघाडी डोळ्यांपुढे उभी राहते. एप्रिल २००५ मध्ये तेरा प्रदेशांत एकाच वेळी मतदान झाले, तेव्हा मध्य-डाव्या आघाडीने अकरा जिंकले आणि मध्य-उजव्या आघाडीकडे लोम्बार्दिया व व्हेनेतो एवढेच राहिले. त्याच महिन्यात पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांना राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवावे लागले. याहून महत्त्वाचा नियम असा की, अध्यक्षाने राजीनामा दिला किंवा परिषदेने त्याच्यावर अविश्वास दाखवला, तर परिषदही विसर्जित होते. साथ सोडायची असेल तर मतदाराकडे परत जायचे, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्याकडील चित्र पाहावे. महाराष्ट्रात २०१९ साली भाजप व शिवसेना यांनी युती करून २८८ पैकी १६१ जागा मिळवल्या. तरीही युतीचे सरकार आले नाही. महाविकास आघाडीचा किमान समान कार्यक्रम २८ नोव्हेंबरला, म्हणजे शपथविधीच्या दिवशी, प्रसिद्ध झाला. पुढे २०२२ व २०२३ मध्ये पुन्हा फेरजुळणी झाली. यांपैकी कोणाचे वर्तन योग्य, हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की, राज्यकारभार ज्या दस्तऐवजावर चालला, तो मतदाराने मत देताना पाहिलेलाच नव्हता. २००४ साली केंद्रातही समान कार्यक्रम निकालानंतरच तयार झाला होता.

याचा भार प्रशासनावर पडतो. अर्थसंकल्पात कोणत्या वचनाला अग्रक्रम द्यायचा, एका पक्षाचे वचन दुसऱ्याच्या वचनाला छेद देत असेल तर काय करायचे, याचे उत्तर सचिवाला लेखी स्वरूपात कोठेच सापडत नाही. मग निर्णय लांबतात, किंवा खात्यागणिक वेगवेगळी धोरणे चालतात. त्याचा त्रास योजनेच्या लाभार्थ्याला होतो.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली आला, २००३ मध्ये कडक झाला. परंतु तो पक्षापुरता आहे, आघाडी त्याच्या कक्षेत येत नाही. उपाय सुचवले गेले नाहीत असे नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या अहवालात शिफारस केली होती की, समान कार्यक्रमावर जनादेश मिळालेल्या आघाडीतील पक्ष मध्येच बाहेरच्या पक्षाशी जुळवून घेत असेल, तर त्याच्या सदस्यांनी पुन्हा जनादेश घ्यावा. पुंछी आयोगानेही २०१० मध्ये निवडणूकपूर्व आघाडी एकच पक्ष मानावी असे म्हटले. या शिफारशींना कायद्याचे रूप मिळालेले नाही.

इटलीच्या पद्धतीवर आक्षेप आहेत. तीत अध्यक्ष प्रबळ होतो, परिषद दुबळी पडते आणि निवडणुकीच्या भीतीने सदस्य गप्प राहतात. आपल्या संसदीय पद्धतीत ती जशीच्या तशी आणणे मला इष्ट वाटत नाही. पण त्यातील तत्त्व घेता येईल. उमेदवारी अर्ज दाखल करण्याच्या मुदतीपूर्वी आघाडीतील पक्षांनी जागावाटप आणि समान कार्यक्रम निवडणूक आयोगाकडे नोंदवावा व तो मतदानापूर्वी जनतेसमोर ठेवावा. ज्यांना आघाडी करायची नाही त्यांनी स्वतंत्र लढावे; त्यात कमीपणा नाही. मात्र नोंदवलेली आघाडी मोडणाऱ्याला पुन्हा मतदाराकडे जावे लागावे. नोंदणीसाठी घटनादुरुस्ती लागेलच असे नाही. मोडण्याच्या परिणामासाठी ती लागेल. म्हणून पहिले पाऊल तरी विलंब न लावता टाकता येईल.

कारखान्यात पाळी संपवून रांगेत उभा राहणारा कामगार आपले मत कोणाला जाते हे जाणून देतो. त्या मताचे पुढे काय होणार, हेही मतदानापूर्वीच त्याला कळले पाहिजे.