विश्लेषण : गेममधील संगीताचे कव्हर, रीमिक्स कायदेशीर की कंपनीच्या मर्जीवर?

व्हिडीओ गेमच्या संगीताबाबत २०२२ मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने दोन परस्परविरोधी घटना घडल्या. निन्टेंडोच्या गेममधील संगीत यूट्यूबवर अपलोड करणारे ‘गिल्वासनर’ हे लोकप्रिय चॅनेल फेब्रुवारीत बंद झाले. कंपनीने त्यावरील १३०० हून अधिक व्हिडीओ रोखले होते. एप्रिलमध्ये निन्टेंडोच्याच ‘कर्बी सुपर स्टार’ या १९९६ मधील गेमच्या एका धूनच्या कव्हरला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मग चाहत्यांना नेमकी मुभा किती?

दोन्ही प्रकरणांत फरक काय?

प्रत्येक धूनमध्ये दोन स्वतंत्र हक्क असतात. एक संगीतरचनेचा, दुसरा तिच्या ध्वनिमुद्रणाचा. ‘गिल्वासनर’वर मूळ ध्वनिमुद्रणेच होती, त्यामुळे दोन्ही हक्कांचा प्रश्न आला. ग्रॅमी मिळवणाऱ्या ‘द एट-बिट बिग बँड’ने ती धून स्वतःच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली. चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन यांना अरेंजमेंटसाठी हा पुरस्कार मिळाला. अशा कव्हरला फक्त रचनेचा परवाना लागतो.

कव्हरला मालकाची परवानगी लागतेच का?

अमेरिकेत नेहमीच नाही. तेथील कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ नुसार ठरलेली रॉयल्टी भरून ऑडिओ कव्हर काढता येते, मालक अडवू शकत नाही. पण अट अशी, की ती धून आधी अमेरिकेत अधिकृत ध्वनिमुद्रण म्हणून प्रसिद्ध झालेली हवी. केवळ गेममध्येच वाजणाऱ्या, अल्बम न निघालेल्या धूनला हे कलम लागू होत नाही. शिवाय व्हिडीओसाठी वेगळी परवानगी लागते आणि ती देणे न देणे मालकाच्या हातात असते. म्हणजे तेच कव्हर ऑडिओ म्हणून वैध, पण यूट्यूबवर कंपनीच्या मर्जीवर. यूट्यूबच्या ‘कंटेंट आयडी’ यंत्रणेत मालक असा व्हिडीओ रोखू शकतो किंवा त्याच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो.

रीमिक्सचे काय?

इथे अडचण वाढते. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला, तर दोन्ही हक्कांची परवानगी हवी. मूळ चाल बदलली, तरी कलम ११५ चा आधार सुटतो. ‘फेअर यूज’चा बचाव असतो, पण तो टिकतो की नाही हे न्यायालय प्रकरणागणिक ठरवते. हौशी कलाकाराला तो खर्च परवडत नाही.

तरीही कंपन्या गप्प का बसतात?

कारण फायदा होतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’ या चाहत्यांच्या समूहाकडून कॅपकॉमने २००८ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो एचडी रीमिक्स’चे संगीत करून घेतले. यूट्यूबवर ‘सॉनिक’ची कव्हर्स टाकणारे टी लोपेस २०१७ मध्ये सेगाच्या ‘सॉनिक मेनिया’चे संगीतकार झाले. निन्टेंडोने मात्र २०२४ मध्ये सशुल्क सदस्यांसाठी स्वतःचे ‘निन्टेंडो म्युझिक’ अॅप आणले.

भारतात काय नियम?

२०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी कव्हरला वैधानिक परवाना देते. मात्र मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि दरवर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. रचनेत बदल करायलाही जवळपास वाव नाही. घरी गिटारवर ‘मारिओ’ वाजवून अपलोड करणाऱ्याला हा मार्ग झेपणारा नाही.

थोडक्यात काय?

व्हिडीओ वर्षानुवर्षे यूट्यूबवर राहिला, म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. कंपनीने फक्त डोळेझाक केलेली असते आणि तिचे धोरण कधीही बदलू शकते. त्यामुळे मूळ ऑडिओ न वापरता स्वतः वाजवणे, पैसे मिळवण्याआधी परवाना घेणे आणि आपल्या फाइल्सची प्रत जवळ ठेवणे एवढे तरी चाहत्यांनी करावे.